तेरा नंबरची बिबडी

धुळ्यापासून समुद्र इतका लांब आहे, की इथल्या माणसाला खारट म्हटलं की बोअरचं पाणीच आठवतं. आणि ऊन असं, की चैत्रात रस्त्यावरची सावलीसुद्धा झाडाखाली जाऊन बसते. अशा गावात, देवपूरच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर बंदराची वकील राहत होती. म्हणजे परदेशी जाणाऱ्या आणि परदेशातून येणाऱ्या मालाची, कस्टमची वकील. खोटं वाटलं तर सोडून द्या. पुढचं याहून खोटं वाटणार आहे, आणि नेमकं तेच खरं आहे.

जिन्यापाशी पाटी होती: 'अ‍ॅड. एस. मित्रा. आंतरराष्ट्रीय व्यापार व सीमाशुल्क सल्लागार.' पाटी लागली त्या आठवड्यात तीन जण शेताच्या बांधाचं भांडण घेऊन आले. सीमेचं काम म्हटल्यावर बांधाचंच असणार! बाईंनी तिघांना चहा पाजून परत पाठवलं.

बाईंचं काम मोठं चमत्कारिक. जगातल्या झाडून सगळ्या वस्तूंना सरकारने नंबर दिलेले आहेत. माल बंदरावर गेला की त्याच्या कागदावर लिहावं लागतं: हा काय आहे, कुठला आहे, कोणी बनवला. एक जरी गोष्ट चुकली तरी माल अडकतो, आणि तो सोडवायला बाई लागते. बैलाच्या गळ्यातली घंटा हे वाद्य की पितळी सामान, यावर ती दीड वर्ष भांडली आणि जिंकली. बैलाचं मत कोणी विचारलं नाही. जळगावला वकिली शिकून ती मुंबईला गेली, एका मोठ्या वकिलांकडे सात वर्षं राबली. पुढे सुनावण्या कंप्युटरवर होऊ लागल्या. साहेब बंदरावर, वकील आपल्या घरी, मधे काचेचा पडदा. तेव्हा बाईने मुंबई सोडली आणि केळीवाल्या, मिरचीवाल्या व्यापाऱ्यांच्या जवळ म्हणून धुळ्यात आली.

आता खरी गोष्ट. ही बाई बंगाली होती. निदान साऱ्या गल्लीचं तसं मत होतं.

तिचं पूर्ण नाव संघमित्रा झिपरू तायडे. जामनेर तालुक्यातल्या पहूरची. बाप झिपरू तायडे, बौद्ध वस्तीतला, जन्मभर दुसऱ्याच्या मळ्यात पाणी भरलेला माणूस. त्याने पोरीला शिकवलं. धुळ्यात आली त्या दिवशी तिने पाच घरं बघितली. पाचही ठिकाणी खोली रिकामी होती, मालक हसतमुख होते. मग ते विचारत, "पूर्ण नाव काय म्हणालात?" ती सांगे. की लगेच मालकाला आठवे: अरे, खोली तर भाच्यासाठी ठेवलेली आहे, भाचा यायचाय! एका दिवसात धुळ्यात पाच भाचे यायचे होते, मंडळी! चार वर्षं झाली. त्यातला एकही अजून पोचलेला नाही.

सहाव्या घरी ती थकली होती. घरमालक चुडामण नाना, निवृत्त मराठीचे मास्तर, बायको वारलेली, मुलगा पुण्याला. नानांनी विचारलं, "नाव?"

तिच्या तोंडून निम्मंच नाव निघालं. "मित्रा."

"मित्रा! म्हणजे बंगाली!" नाना खुर्चीतून उठले. "वा वा! सुसंस्कृत माणसं! करारबिरार नको आपल्याला. ही घ्या किल्ली. फक्त एक, मासे नाही चालणार."

ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. किल्ली घेतली.

तिथून तिचं बंगालीपण सुरू झालं. नानांशी बोलताना ती मुद्दाम अडखळायची. नानांना तर सुगीच! ती जिन्यात भेटली की ते थांबवत. "मित्राताई, काल तुम्ही 'तो बस' म्हणालात. ती बस! बस स्त्रीलिंगी!" पहूरच्या शाळेत निबंधात पहिली येणारी पोरगी मान हलवून म्हणायची, "ती बस. थँक्यू, नाना."

हसू येतं ना? आलं पाहिजे. पण जरा तिच्या खोलीत येऊन बसा. आपल्याच मुलखात राहून तिला आपली बोली बोलायची चोरी. टपाल ती स्वतः पोस्टातून घेऊन यायची, पाकिटावर पूर्ण नाव असे म्हणून. सुनावणीला कायम हेडफोन, कारण सुरुवातीला साहेब वकीलपत्रावरचं नाव मोठ्याने वाचतात. दाराशी स्टुलावर नाना बसलेले, त्यांना 'बंगाली बाईचं कोर्ट' बघायचा भारी नाद. नानांना फक्त तिचे ओठ हलताना दिसायचे. दिवसभर ती पडद्यावरच्या चार चौकटींतल्या चार तोंडांशी बोलायची. बटण दाबलं की तोंडं विझायची. मग काळ्या काचेत एकच तोंड उरायचं, तिचं. संध्याकाळी एका माणसाचा स्वयंपाक आणि एका माणसाची भांडी. कधीकधी ती भांडी घासता घासता भांड्यांशीच पहूरच्या बोलीत बोलायची, नळ मोठा सोडून, म्हणजे खाली ऐकू जायला नको.

बाप तीनदा येऊन गेला होता. तिन्ही वेळा तिने त्याला एसटी स्टँडवरच गाठलं, कँटीनमध्ये चहा पाजला, आणि पहूरकडच्या परतीच्या गाडीत बसवलं. "बाबा, घरमालकाला पाहुणे चालत नाहीत." तिसऱ्या खेपेला झिपरू खिडकीतून एवढंच म्हणाला, "तुही खोली कोणत्या अंगाले आहे, ते तं दाखव. लांबूनच पाहीन." तिने हाताने कुठलीतरी दिशा दाखवली. गाडी सुटल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण उलटी दिशा दाखवली. मग बापाशी रविवारी फक्त फोन होऊ लागला.

या फाल्गुनात सुनंदाबाई तिच्याकडे आल्या. चोपड्याकडच्या एका गावात त्यांनी 'केळफूल महिला गट' उभा केला होता. ज्वारीची बिबडी करायच्या. खानदेशात बिबडी ठाऊक नसेल असा माणूस फक्त पाळण्यात सापडेल, तरी बाहेरच्यांसाठी सांगतो. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, लसूण-मिरची-तीळ घालून तिचा घाटा शिजवायचा, तो ओल्या कापडावर पातळ थापायचा आणि खाटेवर उन्हात वाळवायचा. पापडाची थोरली बहीणच म्हणा. बेल्जियममधल्या एका दुकानदारांच्या संघाने पहिल्यांदाच मोठी मागणी केली होती. अट एकच: पाकिटावर करणारीचा नंबर पाहिजे आणि सोबत नावांची यादी.

"माल बंदरात अडकलाय, मॅडम," सुनंदाबाईंनी नोटीस पुढे ठेवली. "गुरुवारची बोट आहे. माल गेला नाही तर ते लोक पुढची मागणी रद्द करतील. मग शेड बंद. बाया परत केळीच्या ट्रका भरायला जातील. काय करू मी?"

बाईने नोटीस वाचली. कागदांप्रमाणे करणाऱ्या बारा. पाकिटांवर नंबर एक ते बारा असायला हवेत. पण साहेबांनी पेट्या उघडल्या तर चार पेट्यांत निघाली तेरा नंबरची पाकिटं! म्हणजे कुणा परक्याचा माल आत घुसवलाय का? खुलासा करा.

"तेरा नंबर कोण?" बाईने विचारलं.

"कोणी नाही हो." सुनंदाबाईंनी पदर सावरला. "आमच्याकडे शिक्केच बारा आहेत. एकाचा आणि तिनाचा शिक्का शेजारीशेजारी पडलाय. चुकून! एक नंबरवालीनं आणि तीन नंबरवालीनं एकाच पाकिटावर मारलाय. तुम्ही तसं प्रतिज्ञापत्र करा ना. लिहायचं काय, शिक्का डबल पडला!"

"चार पेट्यांत? एकूण एक पाकिटावर?"

सुनंदाबाईंनी नोटिशीची घडी घातली.

"मला शेड बघावी लागेल," बाई म्हणाली. न बघता लिहायचं नाही, हा तिचा नियम होता. दुसऱ्याच्या मालाच्या बाबतीत ती फार कडक.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती गावात पोचली तेव्हा ऊन नुकतंच अंगणात उतरत होतं. शेडच्या दर्शनी भिंतीवर गटाच्या सभासदांची नावं रंगवलेली होती. बारा. बाया अजून यायच्या होत्या. पण शेडच्या मागून वाफ येत होती. लसणीची, भिजलेल्या ज्वारीची, जरा आंबूस वाफ. बाईचे पाय आपोआप तिकडे वळले.

मागे तीन दगडांवर हा एवढा हंडा रटरटत होता. तो एवढा मोठा की त्यात उतरायला शिडी लागावी. बरं, शिडी नाही तर स्टूल तरी. आणि एक सत्तरीची म्हातारी दोन्ही हातांनी लाकडी हाटा फिरवत होती. तिने मागे वळून बघितलं. विचारपूस नाही, काही नाही. हंड्यातला गोळाभर घाटा पळसाच्या पानावर घेतला, मधे खळगा केला, त्यात कच्चं तेल ओतलं आणि पुढे केला.

"खाय, पोरी. गरम शे, फुकीसन खाय."

बाईने फुंकर मारली आणि घास तोंडात घातला. आणि काय सांगू, चार वर्षांचं बंगाल एका घासात वितळलं.

"माय व!" तिच्या तोंडून निघालं. "किती वर्सांनी खाल्ला! माही माय बी असाच करे. फक्त तीळ जास्ती टाके."

म्हातारीचा हाटा थांबला. "सुनंदानी ते सांगं, बंगालनी बाई येवाव शे. बंगालमा बी घाटा करतस का?"

बाईने दुसरा घास घाईने तोंडात कोंबला.

"ही बोली ते मन्हा माहेरनी शे, जामनेरकडनी," म्हातारी हसली. तोंडात तीनच दात, पण तिन्ही हसले. "कोनी पोर शे तू?"

"पहूरच्या झिपरू तायड्याची." किती दिवसांनी हे नाव तिने उघड्यावर उच्चारलं होतं!

"मंग आपलीच शे म्हन ना!" म्हातारीने पदराने दगड पुसला. "बठ. मी भागाबाई. तू ज्याले धुंडी ऱ्हायनी, तो तेरा नंबर मीच."

तेवढ्यात सुनंदाबाई धावत आल्या. दोघींना एका दगडावर बसलेलं बघून त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी सगळं सांगितलं. भागाबाई पहिल्या दिवसापासून गटात. सगळा घाटा तीच शिजवते. दुसरीच्या हाताला तो गाठी न होता जमतच नाही. तिच्या घाट्यातून बाकीच्या बारा जणी थापतात, आणि उरल्या वेळात तीही थापते. रोजच्या हजेरीवहीत तिचा अंगठा आहे. मात्र भिंतीवर नाव नाही, कारण बिबडी गावातही विकायची होती, लग्नाच्या रुखवतात जायची होती.

"मी नाही हो मानत जातबित," सुनंदाबाई कळवळून म्हणाल्या. "मी हिच्या हातचं खाते. पण गाव मानतं ना! गावाला कळलं असतं तर एक पाकीट खपलं नसतं. परदेशाची यादी करताना भिंतीवरचीच नावं उतरवली. सवयच झाली होती. आणि हिनं हट्ट धरला, नाव नाही तर नाही, माझ्या पाकिटावर माझा नंबर पाहिजे. तेरावा शिक्का नव्हता, तर हिनं एक आणि तीन मारले. मला वाटलं, कोण बघतंय तिकडे?"

"बठ्ठा गाव, एकूण एक घर, मन्हा हातनं खास," भागाबाई हंड्याकडे बघत म्हणाली, "नि म्हनस, भागीना हातनं नही खावानं!" आणि ती पुन्हा हसली. यात हसण्यासारखं काय होतं ते तिलाच ठाऊक.

सुनंदाबाई हात जोडून उभ्या राहिल्या. "मॅडम, आत्ता डबल शिक्का म्हणून सोडवा. पुढच्या वेळी नाव घालू, शप्पथ. गावात बभ्रा नको."

कायदा तिला स्पष्ट दिसत होता. खोटं प्रतिज्ञापत्र ती कधीच करणार नव्हती. पण खरं लिहायचं तर कारणही लिहावं लागणार; नाव का नव्हतं ते पडद्यावर, सगळ्यांसमोर, तोंडाने बोलावं लागणार. आणि ते कोणी बोलायचं? जिच्या पाटीवर स्वतःचंच नाव अर्धं, तिने?

सुनंदाबाई हजेरीवही आणायला आत गेल्या. भागाबाई हळूच म्हणाली, "एक इचारू? ह्या बाया तुले बंगालनी का म्हनतस?"

मग संघमित्राने तिला पाच भाचे सांगितले. किल्ली सांगितली. स्टँडवरचा चहा सांगितला, उलटी दाखवलेली दिशाही सांगितली. चार वर्षांत हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायला कोणी होतंच कुठे?

म्हातारीने हंड्याखालची दोन लाकडं मागे ओढली. जाळ कमी झाला.

"पोरी, त्या पाच घरनासनी पाप करं. तुन्हा दोष नही. पन एक आयकी ले. माले त्यासनी लपाडं. मी लपनू नही. शिक्का नव्हता ते दोन शिक्का जोडीसन मी मन्हा नंबर ठोका! नि तू? तू ते वकील! दुन्यानी पेटी उघडीसन दखस, आत काय शे नि वर काय लिखेल शे. नि सोताले मात्र पेटीमा घालीसन वर दुसराच शिक्का मारा! त्या पेटीमा तू एकटीच शे, बाई. दुसरं कोनी येवाव नही तठे. तुन्हा बाप बी नही."

"नाव सांगितलं तर घर जाईल, माय."

"जाई. घर जाई ते दुसरं धुंडशील. पन बाप कितला दिन स्टँडवर बसी?"

संघमित्राच्या हातातलं पळसाचं पान रिकामं झालं होतं. तिने ते नीट घडी करून पर्समध्ये ठेवलं. वकील बाईच्या पर्समध्ये तेलकट पान!

मंगळवारी सुनावणी. सुनंदाबाई आणि भागाबाई सकाळच्या गाडीने धुळ्याला आल्या. जिन्याशी नानांनी विचारलं, "आपण कोण?"

"तेरा नंबर," भागाबाई म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवत जिना चढली.

नाना आपलं स्टूल घेऊन मागोमाग आले. टेबलावर दोन कागद होते. एक सुनंदाबाईंनी गावातूनच टाइप करून आणलेला: शिक्का डबल पडला. दुसरा संघमित्राने लिहिलेला. दुसऱ्याखाली सुनंदाबाईंची सही अजून व्हायची होती. पेन त्यांच्या हातात होतं आणि हात मांडीवर.

पडदा उजळला. चौकटीत साहेब आले. संघमित्राने सवयीने हेडफोन उचलला, कानापर्यंत नेला. भागाबाई तिच्याकडे बघत होती. नाना बघत होते. खिडकीबाहेर एक फेरीवाला ओरडत गेला, आणि त्याचा आवाज पार गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत तिचा हात तसाच हवेत होता.

तिने हेडफोन खाली ठेवला. त्याची वायर उपटली!

साहेबांचा आवाज खोलीभर घुमला. "केळफूल महिला गटातर्फे अ‍ॅडव्होकेट संघमित्रा झिपरू तायडे. हजर आहेत?"

"हजर आहे, सर," ती म्हणाली. तिचं मराठी एकदम स्वच्छ होतं. "मी संघमित्रा झिपरू तायडे, राहणार पहूर, तालुका जामनेर."

स्टूल करकरलं.

"तेरा नंबरचा खुलासा काय, मॅडम? कारकुनी चूक?"

"नाही, सर. कारकुनी चूक असती तर सोपं होतं. तेराव्या बाई इथे बसल्या आहेत. भागाबाई नाव. गटाचा सगळा घाटा यांच्या हातचा. हजेरीवहीत पहिल्या दिवसापासून यांचा अंगठा आहे. माल परका नाही. यादी खोटी आहे."

"नाव का वगळलं?"

संघमित्राने सुनंदाबाईंकडे पाहिलं. ती उत्तर देऊ शकत होती. पण हे प्रतिज्ञापत्र तिचं नव्हतं. सुनंदाबाईंच्या कपाळावर घाम आला. एकदा त्यांनी पहिल्या कागदाकडे बघितलं. मग तो उचलला, चार घड्या केल्या, आणि त्यावरच कपाळ पुसलं!

"साहेब, मी सांगते," त्या उभ्या राहिल्या. "मी घाबरले. ती बौद्ध वस्तीतली. गाव माल घेणार नाही म्हणून मी तिला शेडच्या मागे ठेवलं आणि नाव पुसलं. तिच्या हातावर आम्ही बारा जणी उभ्या आहोत. चूक माझी आहे." आणि त्यांनी तिथेच दुसऱ्या कागदावर सही केली, पडद्यासमोर धरून.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. चौकटीतला माणूसही माणूसच असतो. मग म्हणाले, "हे कारण आमच्या कुठल्या कलमात बसतं, मॅडम?"

"कारण कुठल्याच कलमात बसत नाही, सर. दुरुस्ती बसते. माल सुटायच्या आधी चूक स्वतःहून सांगितली आणि पुरावा दिला, तर कागद दुरुस्त करता येतो. तेवढंच मागते आहे."

दुरुस्ती मंजूर झाली. मात्र कागद फिरायला दिवस लागले आणि गुरुवारची बोट हुकली ती हुकलीच. सत्य सांगितलं की बोट थांबते असं मी म्हणणार नाही. माझ्याही थापांना काही मर्यादा आहे. माल पुढच्या बोटीने गेला. बेल्जियमवाल्यांनी उशिराबद्दल कुरकुर केली, पण नवी यादी ठेवून घेतली आणि पुढची मागणी रद्द केली नाही. सुनंदाबाईंनी त्याच आठवड्यात रंगारी बोलावून भिंतीवर तेरावं नाव घातलं, मोठ्या अक्षरात. गावातल्या दोन लग्नघरांनी रुखवताची मागणी मागे घेतली. तिसऱ्या घरची म्हातारी आली आणि म्हणाली, "एवढी वर्सं खाल्ली, जीभ काही काळी पडली नाही. द्या पन्नास."

आणि धुळ्यात?

सुनावणी संपली तसे नाना स्टूल उचलून खाली गेले. संघमित्राने जिन्यापाशी नवी पाटी लावली, पूर्ण नावाची. दुसऱ्या दिवशी नाना पाटीपाशी उभे राहून गेले. तिसऱ्या दिवशीही. ती जिना उतरली की त्यांचं वर्तमानपत्र वर जायचं. 'तो बस, ती बस' बंद झालं. चार वर्षं ज्याचा वैताग आला, ते चुका काढणंही आता नव्हतं. खोली पूर्वीपेक्षा जास्त रिकामी वाटू लागली. किल्ली कधी मागतात एवढंच बघायचं होतं. तिने पेट्याही बांधायला घेतल्या.

नवव्या दिवशी ती स्टँडवर गेली आणि बापाला रिक्षात घालून घरी घेऊन आली. झिपरूच्या हातात कापडी पिशवी, डोक्यावर धुतलेली टोपी. पाटीपाशी तो थांबला. त्याला वाचता कमी येई, पण आपलं नाव ओळखता येत होतं. त्याने बोटाने 'झिपरू'ची अक्षरं एकेक करून मोजली, तिन्ही भरली, तेव्हा समाधान झालं.

"हे अंग आहे होय?" तो म्हणाला. "तू तं तिकडं दाखवलं होतं."

वर येऊन त्याने पिशवीतून बिबड्या काढल्या आणि थेट गॅसवर भाजायला घेतल्या. म्हाताऱ्याला गॅसची सवय नाही, जाळ भडकलेला. मिरचीचा खकाणा उठला, खिडकीतून खाली गेला. खालून खोकल्याची उबळ ऐकू आली. मग पायऱ्यांवर काठीचा आवाज. एक एक पायरी. संघमित्राने किल्ली हातात घेतली.

नाना दारात उभे राहिले, डोळे पुसत. मिरचीचंच पाणी होतं, असं ते पुढे सांगत.

"चार वर्षं माझं व्याकरण फुकट घालवलंत तुम्ही," ते तिला म्हणाले.

"नाना, मी महिन्याअखेर..."

"थांबा, बोलू द्या. नऊ दिवस मी एकच विचार करतोय. तुम्ही मला का फसवलं? आज उत्तर सापडलं. त्या दिवशी तुम्ही पूर्ण नाव सांगितलं असतं ना, तर..." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "तर मीही म्हणालो असतो, खोली भाच्यासाठी ठेवलीय, संघमित्राबाई. मला बहीणच नाही. तरी भाचा निघाला असता!"

खोलीत फक्त बिबडी तडतडत होती. नाना आत आले, गॅसकडे वाकून बघितलं.

"झिपरूभाऊ, आच कमी करा, जळतेय ती! आणि मला दोन द्या. जरा कमी लाल."

तर नागरिकहो, गोष्ट संपली. तात्पर्य सांगायची माझी जुनी खोड, तेवढं सांगतो. माल काय आहे ते उघडून बघावं, नावावर जाऊ नये, हे बंदरावरच्या साहेबांना कळतं. मग आपल्याला आपल्या दारात का कळू नये? जो माणूस आपलं नाव लपवतो तो खोटारडा असं म्हणण्याआधी, त्याला नाव लपवायला लावणारं दार कोणाचं, ते बघा. आणि नाव लपवून बसलेल्यांनो, भागाबाईंचं ऐका: शिक्का नसेल तर दोन जोडून मारा, पण स्वतःचाच मारा. पेटीत एकटं राहण्यापेक्षा ते बरं.

बाकी ते पाच भाचे धुळ्यात अजून आलेले नाहीत. तुमच्याही घरी असा एखादा भाचा यायचा असेल, तर त्याला आजच कळवून टाका, येऊ नकोस म्हणावं. खोलीत माणूस राहायला आलंय.